ओला रंग

त्या जुन्या घराची मालकी किती कुटुंबांकडून किती कुटुंबांकडे गेली, पण रीत एकच. आधी घर रंगवायचं, मग सामान आणायचं. आधीच्यांचं काही उरायला नको, एवढंच.

नवी मालकीण दातांची डॉक्टर होती. माडीवरच्या खोलीचं दार तिने हौसेने स्वतःच आतल्या बाजूने खरवडायला घेतलं. पिवळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा, आणि प्रत्येक थरात, रंग ओला असताना उमटलेला एक पंजा. करंगळी आत वळलेली.

"सगळ्यांची पोरं वात्रट असणार," नवरा म्हणाला.

"आणि सगळ्यांची करंगळी वाकडी?"

"तुला जिथे तिथे वाकडंच दिसतं. धंद्याची सवय!"

सगळ्यात तळचा पंजा रांगत्या पोराचा होता, जमिनीलगत. वरच्या प्रत्येक थरात तो थोडा मोठा झाला होता, थोडा वर सरकला होता. पिवळ्यातला तर चांगला थोराड होता आणि कडीच्या जरासाच खाली थांबला होता.

तिने फार डोकं चालवलं नाही. दाराला पांढरा रंग दिला, वाळायला ते सताड उघडं ठेवलं आणि दोघं जेवायला खाली गेली.

जेवून ती वर आली, तर दार बंद. ढकलून पाहिलं. आतून कडी होती.

"रंग वाळला का गं?" खालून नवऱ्याने विचारलं.

तिने तोंड उघडायच्या आत दाराआडून उत्तर गेलं, "नाही, अजून ओला आहे."

"बरं," नवरा म्हणाला आणि नळ सोडून भांडी घासायला लागला.