गरम डबी

जयाने पदर बाजूला केला, ओटीतून डबी काढली आणि लॅबच्या टेबलावर ठेवली. साडीतून पाणी ठिबकत होतं. डबीवरच्या दोन्ही पिशव्या मात्र कोरड्या होत्या.

"हात लावून बघा, म्याडम. गरम हाय."

प्रतिभाने हातमोजे चढवले. आरोग्य केंद्राची लॅब ती एकटीच सांभाळायची. सकाळपासून मलेरियाच्या एकवीस काचा पाहून डोळे चुरचुरत होते. तिने डबी उचलली. कोमट होती.

"या खेपेला उकळली नाहीस ना?"

"न्हाई. अंगाला लावून आणली."

ही तिसरी खेप. जयाच्या सासूला, भागूबाईंना, महिनाभर रक्ताचे जुलाब होत होते. दोन प्रकारची औषधं झाली, उतार नव्हता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. शौचाच्या नमुन्यात हलता अमिबा दिसला, तर इथल्याच गोळ्यांनी काम होईल. न दिसला, तर पुण्याला नेऊन दुर्बिणीने आतडं तपासावं लागेल. भागूबाई खाटेवरून उठत नव्हत्या. जयाचा नवरा चाकणला कंपनीत. त्यात भाताची आवणी निम्मी राहिलेली.

अमिबा ऊब असेपर्यंतच हलतो. गार पडला की नुसता गोल ठिपका, शेजारच्या पेशींतून ओळखू न येणारा. म्हणून पहिल्या खेपेची गार डबी परत करताना प्रतिभा म्हणाली होती, "अर्ध्या तासात, गरम असताना आण." वरच्या वाडीतून धरणाच्या रस्त्यापर्यंत उतरायलाच पाऊण तास लागतो, हे तिला बोलतानाही ठाऊक होतं.

दुसऱ्या खेपेला डबी चांगलीच गरम आली. काचेवर सगळं शिजलेलं. जयाने चुलीच्या वैलावर पाणी उकळून डबी त्यात ठेवली होती आणि त्या पाण्यासकटच आणली होती.

"जंतू मरावेत म्हणूनच पाणी उकळून प्या सांगतो ना आम्ही?" प्रतिभा तेव्हा वैतागली होती.

"रोज प्यायचं पानी उकळायला सरपण कुटंय? वल्लं हाय सगळं. डबी तेवढी उकळली. तुमीच गरम आण म्हनलात."

 आज प्रतिभाने डबी उघडली. तिने काचेवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि त्यात नमुन्याचा कण मिसळला.

"जीप मिळाली वेळेवर?"

"गेली व्हती. दूधवाल्याच्या मागं बसून आले. त्यो इचारतोय, ओटीत काय, नारळ का?"

"मग?"

"व्हय म्हनलं. सासूनं भरलीया ओटी."

प्रतिभाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत तिने डोळा भिंगाला लावला होता.

"बस ना बाकावर."

"वल्ली हाय मी. बाकडं खराब व्हईल."

जया उभीच राहिली. प्रतिभा काच डावीकडून उजवीकडे सरकवत गेली. अन्नाचे कण. रक्तपेशी. पुन्हा रक्तपेशी. एक रांग संपली, दुसरी संपली. बाहेर कुणीतरी खोकत होतं. खिडकीतून गार वारा येत होता. तिने उठून खिडकी लावली आणि परत बसली. पाचव्या रांगेत तिचा हात थांबला.

एक पेशी पुढे बोट काढत होती. काढलेल्या बोटात हळूहळू सगळी ओतली जात होती आणि पुन्हा नवं बोट. पोटात चार गिळलेल्या रक्तपेशी.

"हाय का?" जयाने विचारलं.

"आहे."

"जित्ता?"

"जिवंत आहे."

जयाने भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाली, "बघू का?"

प्रतिभा बाजूला झाली. जयाने हात मागे बांधले आणि वाकून डोळा लावला. 

"एवढुसा," ती म्हणाली. "आन् म्हातारीला खाटंवर पाडलं." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्याडम, थांबला वो. हलत न्हाई. मेला का? परत आणावं लागंल?"

"नाही. मी पाहिलाय. आता मेला तरी चालेल."

"नक्की? न्हाई तर उद्याच्याला येते. येईन मी."

"नको. आता नाही यायचं. जा, तिथे नळावर साबणाने हात धू. चांगले धू, कोपरापर्यंत."

प्रतिभाने रिपोर्ट लिहिला. डॉक्टरांची सही घ्यायला पंधरा मिनिटं लागली, औषधांच्या खिडकीशी आणखी दहा. गोळ्या कशा द्यायच्या हे जयाला नीट सांगायचं होतं. पाण्याचंही पुन्हा सांगायचं होतं. काय सांगायचं, ते तिने व्हरांड्यातून येताना दोनदा मनात जुळवून पाहिलं.

लॅबच्या दाराशी ती थांबली. जया बाकाच्या अगदी कडेला, ओली साडी गोळा करून, बसल्या बसल्या झोपली होती. दोन्ही तळवे रिकाम्या ओटीवर घट्ट दाबलेले होते.