चिखलात चालणारी गाडी

बाबांनी नवी गाडी घेतली. चारही चाकांना जोर असलेली, चिखल असो की चढ, कुठेच न अडणारी. गेले तीन महिने ते तिला रोज पुसतात, सीटवरचं प्लास्टिक काढू देत नाहीत आणि साधं डबकं दिसलं तरी गल्ली बदलतात.

रविवारी सगळे आत्याच्या नव्या घरी निघालो. शेवटचा एक किलोमीटर कच्चा रस्ता होता. डांबर संपलं तिथेच बाबांनी ब्रेक मारला.

"उतरा. पुढे चिखल आहे."

"अहो, चिखलात चालते म्हणूनच घेतलीत ना?" आई म्हणाली.

"चालते म्हणून काय घालायचीच?"

ते गाडी राखत बसले. आम्ही गुडघे धरलेल्या आजीला दोन्हीकडून आधार देत, चिखल तुडवत आत्याकडे पोचलो.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "तसल्या पायांनी गाडीत बसायचं नाही हं. सरळ बसने घरी या."

"इथे कुठली आलीय बस?" आई वैतागली.

"दारात तर येते," आत्या म्हणाली. "ह्याच रस्त्याने, दर तासाला."

आम्हाला घेऊन बस हेलकावे खात खाली आली आणि डांबराआधीच्या शेवटच्या डबक्यातून अशी काही उसळली, की बाबांची गाडी टपापासून चाकांपर्यंत चिखलाने माखली.



आजीने कंडक्टरला बस थांबवायला लावली आणि म्हणाली, "उतरा रे पोरांनो, आता गाडीत बसायला हरकत नाही."