मोतीलालची कानबाई

धुरपदाबाईने पदराखालून एक नवा नारळ काढला, पाटावरच्या जुन्या नारळाला टेकवला, आणि बायकांचं गाणं मध्येच थांबलं.

श्रावणातला रविवार होता. एरंडोलच्या त्या घरात कानबाई देवी बसत होती. जुना नारळ म्हणजे घराण्याची कानबाई, सासूच्या सासूपासून चालत आलेली. तिला नवा नारळ टेकवला की त्याचीही कानबाई होते, पण ती वेगळ्या चुलीची. एकत्र घरातून कोणी वेगळं निघणार असेल तेव्हाच असं करतात. खानदेशात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

धाकट्या दिराची, हिलालची, बायको सुंदरबाई गंगाफळ चिरत होती. तिने विळी आडवी केली आणि पुढे आली.

"अक्का, तुम्ही येगळा निंघतस का? आम्हनं काही चुकनं का?"

"तुम्हनापाइन नई वं," धुरपदाबाई नारळाला कुंकू लावत म्हणाली. "ही मोतीलालनी शे."

ओसरीवर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, रुपचंदनानांनी, ते ऐकलं आणि हातातली सुपारी हातातच राहिली.

मोतीलाल त्यांचा एकुलता मुलगा. आफ्रिकेत नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात होता. लग्नापुरता आला, बायकोला, लताला, घेऊन गेला, तो पुन्हा आला नाही. नातू तिकडेच झाला. नाना जळगाव स्टेशनच्या मालधक्क्यावर नोकरी करून नुकतेच मोकळे झाले होते. पारोळ्याचा मगन मोतीलालबरोबरच कामाला होता. तो रजेवर आला तेव्हा मोतीलालचा निरोप घेऊन आला. आता नोकरी सुटली, तर दोघं इकडेच या, कायमचे. श्रावण सरला की मगन आगबोटीने परत जाणार होता. उत्तर त्याच्याबरोबर जायचं होतं.

नाना रोज मनात तराजू धरून बसत. जावं तर नातू मांडीवर खेळेल. तिकडची हवा थंड, वैशाखातही जीव भाजत नाही म्हणतात. म्हातारपणी मुलगा उशाशी असेल. पण जावं तर ओट्यावर बसून हाक मारावी असं माणूस तिथे नाही. हिलालशी दोन शब्द बोलायचे तर समुद्र आडवा. मेल्यावर राख तापीला मिळायची नाही.

शेजारचा तोताराम त्यांना रोज टोचायचा. "नाना, तू बैलना दात मोजता मोजता बाजार उठाडी देस. आफ्रिका पळी नई जात, पन तवलग तुना दात पडतीन."

त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं होतं. घरची कानबाई आमच्या बाईच्या हाती आहे, ती कशी येणार? असं म्हटलं की कोणी पुढे विचारत नसे. खरं कारण नानांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आपण तिकडे गेलो, तर मोतीलालने परत येण्याचं निमित्तच संपतं. आपण इथे असलो, तर कधीतरी येईल.

आता बाईनेच तिकडच्या घरची कानबाई केली होती. नानांना वाटलं, ही निघाली. आणि तसं वाटताच त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, इतकी ओढ आपल्याला होती. दुपारी रोटाचं, कानबाईच्या नैवेद्याचं, जेवण झालं, तेव्हा त्यांनी हिलालला विहिरीकडच्या कलमांना पाणी कसं द्यायचं ते सांगितलं. हिलाल मान हलवत राहिला. संध्याकाळी त्यांनी ट्रंक खाली काढली, फडक्याने पुसली. कुलूप गंजलं होतं, त्यात तेल सोडलं. धुरपदाबाई येता-जाता पाहत होती.

सोमवारी सकाळी डोक्यावर पाट घेऊन बायका अंजनी नदीवर गेल्या. पाण्यात कानबाई थंड केली आणि नारळ परत काठावर आणले. निरोप न्यायला मगनही आला होता. धुरपदाबाईने नवा नारळ पदराने कोरडा केला, खणात गुंडाळला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.

"लताले देजो. म्हना, श्रावणमा ऐतवारले बसाडजो."

नाना हसले. "अवं, त्याना हातमा काबर देस? आपुनच लयी जाऊत ना."

"आपुन नई," ती म्हणाली. "जुनी घर सोडत नई, आनि मी तिले सोडत नई. तुम्हले जावानं व्हई ते जा. मी आडवत नई." मग आवाज उतरवून म्हणाली, "त्यानी खोली इतला साल मोकळी ठेवी. आते तठे गहू भरसूत. तो परत येवाव नई. तुम्हलेबी ठाऊक शे."

पाणी गढूळ होतं, आणि वाहून आलेली फुलं भोवऱ्यात अडकून फिरत होती. सुंदरबाईने जुना नारळ पाटावर ठेवून धुरपदाबाईच्या डोक्यावर दिला. ती घराकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत नाना पाहत राहिले.

मगन अवघडला होता. खणातला नारळ त्याने छातीशी धरला होता.

"नाना, मंग मी मोतीलालले काय सांगू?"

नानांनी हात पुढे केला, खणाची सुटलेली गाठ नीट आवळून बांधली.

"त्याले सांगजो, त्यानं घर येगळं व्हयनं," ते म्हणाले. "आते आम्ही त्यानी वाट दखत नई."