तळापासून वर

फुलचूरचे सुभेदार पुरनलाल टाइप केलेला जबाब घेऊन बिरसीला आले, तेव्हा नाईक टिकेश धानाच्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी बघत धुऱ्यावर, तिच्या मातीच्या बांधावर, बसला होता. लष्कराच्या छावणीत एक कैदी मेल्यावर टिकेशला घरी धाडलं होतं. जबाबात लिहिलं होतं, कैद्याला दिवसभर उलटं टांगलं ते मी माझ्या मनानं. “सही कर. मामला खतम,” सुभेदार म्हणाले. “टांगलं मीच, साहेब. पण मनानं नाही.” इकडे खालच्या बांधीत पाणी फाजील झालं की तिथेच कोणी उभं राहत नाही, धुऱ्याधुऱ्यानं वर जातात आणि कोणी कुठे धुरा फोडला ते पाहतात. टिकेशनं कागद पलटवला आणि कोऱ्या बाजूला तळापासून वर लिहीत गेला: आधी स्वतःचं नाव, त्यावर सुभेदारांचं, त्यावर मेजरसाहेबांचं. सुभेदारांनी वाचलं. “माह्यं नाव काऊन टाकलं?” “मेजरसाहेब मले थोडेच बोलले? त्यायनं तुमाले सांगतलं, तुमी मले.”  सुभेदार इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता त्याच्याशेजारी ओल्या धुऱ्यावर बसले. “त्या दिवशी मेजरसाहेबाले वरून फोन आला होता. तुले मालूम नाही. मी बाजूलेच उभा होतो.” त्यांनी टिकेशच्या हातातलं पेन घेतलं. कागदाच्या वरच्या कडेला बोटभर जागा उरली होती. तिथे त्यांनी कर्नलसाहेबांचं नाव लिहिलं. मग खाली येऊन, स्वतःच्या नावापुढे सही केली.