डोकं खाणारे नंबर

धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलात, रिसेप्शनच्या टेबलाखाली टेलिफोन दुरुस्तीला आलेला प्रेमानंद डब्यासमोर मांडी घालून बसला होता. डबा म्हणजे टर्मिनल अ‍ॅडाप्टर. एकीकडून त्यात टेलिफोनची लाईन येते, दुसरीकडून लॅबच्या मशीनची वायर, आणि दोघांचं जमवून देण्याचं काम डबा करतो; रिसेप्शनचा फोनही त्यातूनच वाजतो. सगळं शहर फायबरवर गेलं तरी हॉस्पिटलनं तो बदलला नव्हता. चालून राहिला तर बदलायचा काहून?

तक्रारी दोन होत्या. पहिली, बेसाच्या शाखेत पोचेपर्यंत रिपोर्टांतले आकडे गळत होते. प्रेमानंदनं पाहिलं, तर मशीन भडाभडा बोलत होतं आणि डब्याला "थांब" म्हणायचं कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं दोघांचे वेग जुळवले. समोरच्यानं थांब म्हटलं की थांबायचं, हा नियम दोन्हीकडे चालू केला. मग पाच रिपोर्ट पाठवून बेसावाल्यांकडून एकेक आकडा वाचून घेतला. पेशंटांशी त्याचं वैर नव्हतं.

दुसरी तक्रार हॉस्पिटलचे मालक डॉक्टर ताराचंद यांनी स्वतः येऊन सांगितली.

"नातेवाईक फार डोकं खातात हो. एका दिवसात दहाच्या वर फोन केले, की तो नंबर कायमचा बंद. इथं रिंगसुद्धा वाजली नाही पाहिजे. भावना, यादी दे यांना."

रिसेप्शनवरच्या भावनानं कॉम्प्युटरमधून काढलेला कागद पुढे केला. वर्षभराचे चौदा नंबर. तिसरा प्रेमानंदचा होता.

मार्चमध्ये त्याचे वडील धोंडबा इथंच, वरच्या मजल्यावर होते. शेवटच्या दिवशी प्रेमानंद उमरेडला कामावर अडकला आणि सकाळपासून त्यानं इथं बत्तीस फोन लावले. एकही कुणी उचलला नाही. तेहेतिसावा हॉस्पिटलनंच स्वतःहून केला, बॉडी केव्हा नेता ते विचारायला.

डॉक्टरांनी त्याला ओळखलं नव्हतं. ओळखायला आधी पाहावं लागतं.

यादीतला पहिला नंबर वाचून मात्र प्रेमानंदनं खिशातला कामाचा फॉर्म काढला. तक्रारदाराचा मोबाईल म्हणून तोच लिहिला होता. डॉक्टर घरून, गाडीतून, लग्नाच्या पंगतीतूनही फोन करून रिसेप्शनला झापत, दिवसाला पंचवीस-तीस वेळा. स्वतःच्या नियमात ते सगळ्यात वर बसले होते.

"यादी बरोबर हाय ना, ताई?" त्यानं हळूच विचारलं.

भावना मान खाली घालून स्टेपलरमध्ये पिना भरून राहिली होती. "नियम सरांचाच हाय, भाऊ. मी तं एक आकडा बी इकडचा तिकडं नाही केला."

प्रेमानंदनं यादीचा कागद डॉक्टरांपुढे धरला. "सर, इथं सही."

"काय आहे हे?"

"फॉर्मॅलिटी, सर. वाचायची गरज नाही."

धोंडबांना दाखल करताना हेच वाक्य ऐकून त्यानं सात ठिकाणी सह्या केल्या होत्या. डॉक्टरांनी एकाच ठिकाणी केली आणि मिहानला मीटिंग आहे म्हणून निघून गेले.

प्रेमानंदनं चौदाही नंबर डब्याच्या बंद-यादीत घातले. स्वतःचाही घातला, यादी म्हणजे यादी. बाहेर जाणारे फोन चालू होते, तेव्हा पेशंटसाठी डॉक्टरांना बोलवायला काही अडचण नव्हती. डॉक्टरांना मात्र इथं झापायला जागा उरली नव्हती. ड्युटीवर स्टाफचे मोबाईल लॉकरमध्ये, हाही नियम सरांचाच.

दहा मिनिटांनी डब्यावरचा लाल दिवा एकदा लुकलुकून विझला. रिंग वाजली नाही. जरा वेळानं पुन्हा. मग पुन्हा.

"कोण हाय वं माय?" भावना वाकून दिव्याकडे पाहत म्हणाली.

"असंल कोणी नातेवाईक."

प्रेमानंदनं पेचकस पिशवीत टाकला, पिशवीची चेन लावली, पण उठला नाही. टेबलाच्या पायाला पाठ टेकून तो नीट बसला.

"काम झालं ना, भाऊ?"

"झालं." त्याची नजर दिव्यावरून हलली नाही. "एक चहा सांगता काय, ताई? अजून एकोणतीस बाकी हायेत."