नियमात न बसलेला नारळ

"दियाचं नाव नाही म्हणजे? राहून गेलंय की काढलंय?"

नंदाच्या आवाजाने लंडनमधल्या स्टॅनमोरच्या शाळेच्या हॉलमधली अर्धी माणसं वळली. उरलेली अर्धी गणपतीसमोर फोटो काढत होती. फायर अलार्मच्या धाकाने निरांजनं बॅटरीची होती. ती आपली लुकलुकत राहिली.

मंडळाचे सेक्रेटरी सतीशभाऊ टेबलावरचे नारळ सारखे करू लागले. "वहिनी, नियम आहे. शाळेतल्या ए लेव्हल्सच्या परीक्षेनंतर थेट युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्यांचाच गुणगौरव. दिया आधी कॉलेजात गेली ना."

"दोन वर्षांपूर्वी म्हणालात, हे नुसतं डिप्लोमाचं कॉलेज, युनिव्हर्सिटीत गेली की बघू. आता मँचेस्टरला चाललीय, कॉलेजच्या मार्कांवर, एकदम तिसऱ्या वर्षाला. तर म्हणता, पहिल्या वर्षाला का नाही! पोरीने पुढे जाऊन गुन्हा केला?"

"नियम जुना आहे," सतीशभाऊ नारळाला म्हणाले.

"जुना म्हणे! सहा वर्षं मी सेक्रेटरी होते. आमच्या वेळी असला कारभार नव्हता."

गेल्या वर्षी सतीशभाऊंच्या वेदला शाल मिळाली होती. वेद थेट पहिल्या वर्षाला गेला आणि ख्रिसमसला थेट परत आला. शाल अजून त्याच्याकडेच आहे. आणि दिया? सकाळी बसने कॉलेज, दुपारनंतर केमिस्टच्या दुकानात काउंटर, मग जेवणाच्या टेबलावर असाइनमेंट. शाल वेदला!

"आई, लीव्ह इट," दिया तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत कुजबुजली. "माझी नाव नाही आली तरी चालेल." पण साडी तिने यूट्यूब बघून स्वतः नेसली होती, आणि निऱ्या मुठीत गच्च धरल्या होत्या.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. सिंधुबाईंचा प्रणय. लहानपणी याच हॉलमध्ये खुर्च्यांखालून पळायचा. आता कार्डिफला युनिव्हर्सिटीत शिकवतो, त्यामुळे मंडळाचा फार आधीपासूनच लाडका होता, असं सगळ्यांना आठवू लागलं होतं.

नंदाने त्याला स्टेजच्या पायरीवरच गाठलं. "प्रणय, तू शिकलेला माणूस. तूच सांग. वळसा घालून पोचलं तर पोचणं खोटं ठरतं का रे?"

प्रणयने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्याने पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं. सिंधुबाईंनी पदर सारखा केला आणि गणपतीकडे बघितलं. मग प्रणयने टेबलावरचा पाहुण्यांसाठी ठेवलेला नारळ आणि शाल उचलली आणि दियाच्या हातात दिली.

"माझा सत्कार राहू दे, सतीशकाका. हिचं नाव मी पुकारतो. पहिलं."

दियाने निऱ्या सोडल्या. तिला शाल धरायची होती.

नंदा विजयी मुद्रेने वळली. "बघा, सतीशभाऊ! याला म्हणतात शिक्षण. कुणा करंट्याने केला होता हो हा नियम?"

सतीशभाऊ पुन्हा नारळ सारखे करू लागले.

"तुम्हीच, काकू," प्रणय माइक हातात घेत म्हणाला. "मी कॉलेजातून कार्डिफला गेलो, त्या वर्षी."

माइक चालू होता.