जुलैतली मोजणी

डच राजधानीतल्या झुइडास या ऑफिसांच्या भागात, विसाव्या मजल्यावर, माझा मॅनेजर आशुतोषने डच क्लायंटना मुंबईचा नकाशा दाखवला आणि आमच्या कोळीवाड्यासमोरच्या मैदानावर बोट ठेवलं. “इथे टॉवर. जागा रिकामीच आहे.” मी मराठीत म्हटलं, “ते आमचं खळं. तिथे बोंबील वाळवतो.” “इंग्रजांच्या मोजणीतही ती सरकारी पडीक जमीनच.” “मोजणीची तारीख वाच. जुलै. पावसात होड्या बंद, मग वाळवणार काय? साहेबाला मैदान मोकळं दिसलं, त्याने पडीक लिहिलं. विचारलं कुणालाच नाही. तूही नाही.” “भावनिक होऊ नकोस, मंजूषा.” आईने दिलेले सुके बोंबील मी बॅगेतून काढले आणि टेबलावर पसरले. कच्चा हेरिंग मासा मिटक्या मारत खाणारे क्लायंट नाक दाबून उठले. “उचल ते,” आशुतोष ओरडला, “खिडकी उघडा कुणीतरी.” इथल्या खिडक्या उघडत नाहीत; वास खोलीभर कोंडला. मी म्हटलं, “आता लिही, जागा रिकामी आहे म्हणून.”